अंगणातला दिवा, शेजारची खिडकी

आपल्याच घराच्या भिंतीवर, आपल्याच पैशाने एक दिवा लावायचा, तर त्याला परवानगी कुणाची आणि कशाला? 2025 सालच्या मे महिन्यापर्यंत आम्हा दोघांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

त्या वर्षी बकरी ईद 7 जूनला होती. दुबईहून मुलगी आणि जावई चार वर्षांनी ईदला येणार होते. बाणकोट खाडीच्या काठचे आमचे घर जुने, चिरेबंदी. पुढे अंगण, त्याला गडगा आणि रस्त्याच्या बाजूला लोखंडी गेट. रात्री गाडीतून उतरताना मुलांना अंधार नको म्हणून आम्ही बाहेर दिवे लावायचे ठरवले. गडग्याच्या खांबांवर चार दिवे, गेटच्या कमानीवर रंगीत पट्टी आणि माडाच्या बुंध्यावर शंभर वॅटचा एक मोठा फोकस. गावातल्या एका पोराला वायरिंगचे काम जमते. त्याने एका दुपारीत सगळे उरकले. पडवीतल्या बोर्डातून वायर काढली, जिथे कमी पडली तिथे जोड देऊन वर टेप गुंडाळला आणि गेटच्या नळीवरून ती तशीच पुढे नेली. मगरिबनंतर बटण दाबले तेव्हा अंगण नुसते लख्ख झाले. आम्ही खूश.

त्याच रात्री इंग्लंडच्या थोरल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर रोषणाई दाखवली. तो म्हणाला, "छान दिसतंय अम्मी, पण काम कुणी केलं? सर्टिफिकेट दिलं का त्याने? अब्बा, परवानगी वगैरे?" आम्ही हसलो. "अरे, हे तुझं इंग्लंड नव्हे. इथे दिवा लावायला कोण कागद मागतो?"

त्या वर्षी पाऊस वेळेच्या फार आधी आला. जूनची वाट न पाहता मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात मान्सून उतरला आणि चार दिवस नुसता कोसळत राहिला. कुर्बानीसाठी आणलेला बकरा आम्ही गेटजवळच्या पत्र्याखाली बांधला होता. साखळीचे दुसरे टोक गेटच्या नळीला अडकवलेले. आमचा सात वर्षांचा नातू त्याच्या फार नादी लागला होता. रोज उठल्या उठल्या फणसाचा पाला घेऊन आधी बकऱ्याकडे जायचा, मग तोंड धुवायचा. त्या सकाळीही पाला घेऊन तो अनवाणी निघालाच होता. पाऊस फार होता म्हणून आम्ही त्याला पडवीत अडवले आणि म्हटले, आधी चहा पी, मग जा.

चहा होईपर्यंत आम्ही खिडकीतून पाहिले, तर बकरा आडवा पडलेला. रात्रभर दिवे चालूच होते. आधी वाटले, थंडीने आजारी पडला असेल. जवळ जाऊन गेटला हात लावला तेव्हा बोटांना मुंग्यांसारखा झणझणाट झाला. पायात रबरी चपला होत्या, म्हणून निभावले. आम्ही ओरडतच मागे फिरलो आणि आधी मेन बंद केला.

बकरा मेला होता. त्याचे मांस कुणालाच हलाल नव्हते. माडांच्या मागे खड्डा खणून पुरला. नातू दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आम्ही मात्र तो चहाचा पेला मनातून काढू शकलो नाही. पाच मिनिटे इकडची तिकडे झाली असती, तर त्या ओल्या गेटपाशी अनवाणी पायांनी कोण उभे असते, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने दहा मिनिटांत दोष दाखवला. नळीच्या कडेला घासून वायरचे कव्हर फाटले होते, टेपच्या जोडात पाणी शिरले होते आणि सगळ्या गेटमध्ये वीज उतरली होती. आम्ही विचारले, "मग एमसीबी का पडला नाही?" तो म्हणाला, "एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही." एमसीबी पडायला दहा, सोळा अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. जीव जायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. त्यासाठी वेगळे यंत्र असते, आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या हजार भागांपैकी तीस भागांचा फरक पडला, तरी ते डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तोडते. आमच्याकडे ते नव्हते. घराचे आर्थिंगही कधीच कोरडे पडले होते.

थोरल्या मुलाला हे कळवले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने त्याच्याकडची रीत समजावून सांगितली आणि या वेळी आम्ही हसलो नाही. पुढच्या काही आठवड्यांत आम्ही देशोदेशी पांगलेल्या नातेवाइकांना एकच प्रश्न विचारत सुटलो: तुमच्या घराबाहेर दिवा लावायचा असेल तर काय करावे लागते?

इंग्लंडमध्ये घरातल्या विजेच्या कामाचा नियम 1 जानेवारी 2005 पासून इमारतींच्या नियमावलीत आला. सुरुवातीला बागेतली वायरिंगही कळवावी लागे. 2013 मध्ये नियम थोडा सैल झाला. आता असलेल्या सर्किटवर एखादा दिवा वाढवला तर कळवायची गरज नसते, पण बाहेरच्या दिव्यांसाठी मुख्य बोर्डातून नवे सर्किट ओढले की ते नोंदवावे लागते. त्याच्या दोन वाटा आहेत. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन बोलावला तर तो काम करतो, तपासतो आणि स्वतःच प्रमाणपत्र देतो. स्वतः करायचे असेल, तर आधी स्थानिक कौन्सिलच्या इमारत विभागाला कळवायचे, फी भरायची आणि तपासणी करून घ्यायची. भिंतीवरच्या साध्या दिव्याला बांधकामाची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र घर वारसा यादीतले असेल, तर बाहेरून फिटिंग ठोकण्याआधी मंजुरीचे विचारावे लागते.

भाचा मेलबर्नला असतो. तिथे गोष्ट याहून कडक. ऑस्ट्रेलियात घरमालकाला पक्क्या वायरिंगला हात लावायची मुभाच नाही. परवानाधारकानेच काम करायचे आणि त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक कामानंतर विद्युत सुरक्षेचे प्रमाणपत्र द्यायचे. भाच्याने बागेत लावलेत ते प्लगच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारे 12 व्होल्टचे दिवे. तेवढे त्याचे तो लावू शकतो. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये राहत्या घरातली काही ठरावीक कामे मालक स्वतः करू शकतो, पण परवाना असलेला निरीक्षक तपासून हो म्हणेपर्यंत त्यात वीज सोडायची नाही.

पुतणी अमेरिकेत आहे. तिथे साऱ्या देशाला एक परवाना नाही. परवानगी शहराची किंवा काउंटीची. पण बहुतेक ठिकाणी ज्या राष्ट्रीय विद्युत संहितेचा आधार घेतात, ती 1897 पासून चालत आली आहे आणि वेळोवेळी सुधारली जाते. त्यातले बारकावे ऐकून आम्ही थक्क झालो. अंगणात पुरायची केबल किती खोल असावी, हेही त्यात लिहिलेले. साधी पुरायची केबल 24 इंच, गळती पकडणारे यंत्र लावलेले घरगुती 120 व्होल्टचे सर्किट असेल तर 12 इंच आणि बागेतल्या कमी व्होल्टच्या दिव्यांची वायर असेल तर 6 इंच. कुदळ कुठवर जाते, याचा हा हिशेब. सणाच्या रोषणाईची तात्पुरती वायरिंग 90 दिवसांपर्यंतच ठेवता येते. आमच्याकडे एका लग्नाच्या माळा पुढच्या लग्नापर्यंत तशाच लोंबत असतात, ते आठवले.

केपटाऊनला आमच्या अम्मीकडचे नातलग आहेत. कोकणातले मुसलमान तिथे कैक पिढ्यांपूर्वी जहाजाने गेले आणि तिथलेच झाले. दक्षिण आफ्रिकेत 2009 च्या नियमांप्रमाणे घराच्या विजेच्या कामाचे अनुपालन प्रमाणपत्र मालकाजवळ असावे लागते. घर विकताना ते दोन वर्षांहून जुने चालत नाही. प्रमाणपत्र घेतल्यावर अंगणात दिवे वाढवले, तर तेवढ्या वाढीव कामाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यायचे. म्हणजे आज आळस करून लावलेला दिवा उद्या घर विकताना आडवा येतो.

आणि दुबईचा जावई? तो म्हणाला, "अब्बा, आमच्या व्हिलांच्या वसाहतीत बाहेरच्या भिंतीला काही करायचं तर वसाहतीच्या कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. विजेचं काम वीज-पाणी खात्याकडे नोंद असलेल्या कंत्राटदाराचंच. आणि आम्ही तर भाडेकरू, म्हणून मालकालाही विचारायचं."

इतके ऐकल्यावर आपल्या देशात काय आहे, ते विचारायला आम्हीच संकोचलो. तालुक्याच्या वायरमनने सांगितले. आमच्याकडे नियम नाही, हा आमचा समज साफ चुकीचा होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार जुना दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे आपले आपण करू शकतो. पण वायरिंगमध्ये भर घालणे, फेरफार करणे, दुरुस्ती करणे हे राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदाराचेच काम. म्हणजे गेल गेलेला बल्ब बदलायला कुणी नको, पण गडग्यावर नवा दिवा काढायला परवानाधारक हवा. विद्युत कायदा 2003 मध्ये तर असेही आहे की विजेच्या अपघातात माणूसच नव्हे, जनावर दगावले तरी त्याची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी. आमच्या बकऱ्याचीही कायद्याने दखल घेतली होती. ती घ्यायला आम्हीच विसरलो होतो.

मिलादच्या किंवा लग्नाच्या रोषणाईसाठी रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकणे ही त्याच कायद्याने सरळ सरळ चोरी आहे. तात्पुरती जोडणी मागता येते. प्रेषितांच्या (स.) जन्माची खुशी चोरीच्या उजेडात कशी साजरी करायची, याचा विचार प्रत्येक मोहल्ल्याने करावा. आम्ही जास्त बोलत नाही.

हदीसमध्ये येते की रात्री झोपण्याआधी दिवे विझवण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली होती. कारणही सांगितले होते. उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घर जळते. लहानपणापासून आम्ही ही हदीस ऐकत आलो. वातीचे दिवे गेले, तशी ती हदीसही जुन्या काळची झाली, असे नकळत वाटू लागले होते. त्या सकाळी कळले की काळ बदलला तरी ताकीद तीच आहे. घरातली माणसे झोपली असताना उजेड जागा ठेवायचा, तर त्याच्या धोक्याची जबाबदारीही जागी ठेवावी लागते.

इथवरची गोष्ट जिवाच्या भीतीची झाली. पण त्या दिव्यांचे आणखी एक देणे होते आणि ते आम्हाला कुणी मागितलेही नव्हते.

आमच्या गडग्यापलीकडे एक काकी राहतात. वय ऐंशीच्या आसपास, एकट्या. मुलगा मुंबईला. ईदचा शिरखुर्मा आमच्याकडून आणि गौरी-गणपतीचे मोदक त्यांच्याकडून, असे तीन पिढ्यांचे जाणे-येणे. बकरा गेल्यानंतर दिवे बंद होते. चार-पाच दिवसांनी आमच्या लक्षात आले की काकींच्या माजघराच्या खिडकीवर आतून गोधडी टांगलेली असायची, ती आता नाही. तिकडे गेल्यावर विचारले. त्या आधी टाळत होत्या. मग म्हणाल्या, "अगो, तो तुमचा मोठा दिवा थेट डोळ्यांवर यायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे. झोप लागेना म्हणून गोधडी बांधली. वारा बंद झाला, एवढंच."

"काकी, मग सांगितलं का नाही?"

"सणाचा दिवा. लेक येणार तुमची. मी कशाला अपशकुन करू?"

त्या दिवशी घरी येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मेच्या त्या उकाड्यात ऐंशी वर्षांची बाई खिडकी बंद करून झोपत होती आणि आम्ही इकडे उजेडाचे फोटो काढत होतो.

इंग्लंडच्या मुलाला हेही सांगितले. तो म्हणाला, तिथे यासाठीही कायदा आहे. 2005 च्या एका कायद्याने घरातून किंवा आवारातून बाहेर जाणारा त्रासदायक उजेड धूर, दुर्गंधी आणि आवाजाच्या रांगेत बसवला आणि एप्रिल 2006 पासून तो लागू झाला. शेजाऱ्याने तक्रार केली आणि कौन्सिलला ती खरी वाटली, तर दिवा वळवण्याची, झाकण्याची किंवा बंद करण्याची नोटीस येते. दिवा लावायला परवानगी लागली नाही, तरी तो कुठे पडतो याचा जाब द्यावाच लागतो.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नावाचे शहर आहे. 1930 मध्ये जिथून प्लूटोचा शोध लागला, ती लॉवेल वेधशाळा तिथलीच. तारे दिसावेत म्हणून त्या शहराने 1958 मध्येच आकाशात फिरणाऱ्या जाहिरातींच्या झोतांवर बंदी घातली. आज तिथे घराबाहेरच्या दिव्यांनाही झाकण आणि प्रकाशाची मर्यादा आहे. 2001 मध्ये ते जगातले पहिले आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय' शहर ठरले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नियम कासवांसाठी आहेत. अंड्यातून निघालेली पिल्ले जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राचा असे, आता तो बंगल्यांचा असतो आणि पिल्ले रस्त्याकडे वळून मरतात. म्हणून तिथल्या अनेक गावांत अंडी घालण्याच्या हंगामात, अटलांटिकच्या बऱ्याच किनाऱ्यावर 1 मार्च ते 31 ऑक्टोबर, किनाऱ्यावरून दिसतील असे दिवे घरमालकांना लावता येत नाहीत. दिवा हवाच तर खाली वळवलेला, झाकलेला, तांबूस.

हे ऐकून आम्ही चपापलो, कारण कासवांचे वेळास आमच्यापासून लांब नाही. दर उन्हाळ्याच्या तोंडाला ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला माणसे मुंबई-पुण्याहून येतात. आपल्या राज्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातला पहिला 'डार्क स्काय पार्क' झाला. म्हणजे अंधारही जपण्याची गोष्ट आहे, हे आता आपल्याकडेही मानले जाऊ लागले आहे.

या सगळ्यानंतर एका फजरला तिलावतीत सूरह नूर आली. नूर म्हणजे प्रकाश. अल्लाह आकाश आणि धरतीचा प्रकाश आहे, कोनाड्यातला दिवा, चमकत्या काचेतली ज्योत, ही आयत याच सूरहमध्ये आहे. आम्ही ती कितीदा वाचली असेल. पण त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले की त्याच सूरहमध्ये, त्या आयतीच्या आधी, सत्ताविसाव्या आयतीत हुकूम आहे तो परवानगीचा. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नका. पुढे अठ्ठावन्नाव्या आयतीत तर घरातल्या लहान मुलांनाही तीन वेळी परवानगी घ्यायला सांगितली आहे आणि त्यातली एक वेळ इशाच्या नमाजनंतरची.

प्रकाशाच्या नावाची सूरह परवानगी शिकवते. आम्ही काकींच्या घरी कधी न विचारता उंबरा ओलांडला नसता. आमचा उजेड मात्र रोज इशानंतर, ना सलाम ना दुआ, त्यांच्या माजघरात शिरत होता आणि पहाटेपर्यंत तिथेच बसत होता. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल हजरत जिब्रील (अ.) यांनी इतकी ताकीद केली की शेजारी वारसच ठरतो की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले होते. हे आम्ही मुलांना सांगत होतो आणि शेजारी गोधडी टांगत होता.

सरकारी परवानगी हा शब्द निघाला की आपल्याला खेटे, शिक्के आणि चहापाणी आठवते. पण देशोदेशीचे हे नियम एकत्र ठेवून पाहिले, तर त्यांच्या मुळाशी दोनच प्रश्न दिसतात. तुझ्या दिव्याने कुणाचा जीव जाणार नाही ना? आणि तुझा उजेड न विचारता कुणाच्या घरात शिरणार नाही ना? हे दोन प्रश्न विचारायला आपल्याला कुठल्या कौन्सिलची वाट पाहायची गरज नाही. कागद कुणी मागो न मागो, जाब द्यायचा आहेच.

आता आमच्या अंगणात पुन्हा दिवे आहेत. परवानाधारकाने केले, पावती दिली, तपासून दाखवले. आर्थिंगचा खड्डा नव्याने भरला. आरसीसीबी बसवला आणि दर महिन्याच्या पहिल्या जुम्माला त्याचे तपासणीचे बटण दाबायचे काम नातवाकडे दिले. खटकन वीज गेली की तो ओरडतो, "दादी, जिवंत आहे!" वायर पाइपातून गेली आहे आणि गेटला तिचा स्पर्श नाही. दिवे पावसाचे पाणी सोसणारे, कमी वॅटचे, वर झाकण असलेले, उजेड फक्त पायऱ्यांवर टाकणारे. फोकस काढला. रात्री दहाला टायमर सगळे बंद करतो.

हे लावण्याआधी आम्ही दोघे काकींकडे गेलो. म्हटले, "संध्याकाळी एकदा लावून बघतो. तुमच्या माजघरात बसून तुम्ही सांगा." त्या हसल्या. "एवढ्याशा दिव्याला माझी परवानगी?"

"हो, काकी. तुमचीच."

त्या संध्याकाळी त्या खिडकीशी बसल्या आणि आम्ही बटण दाबले. खिडकी काळोखीच राहिली. आतून त्यांचा आवाज आला, "लावलात का? मला तर काही दिसत नाही."

आम्ही म्हटले, "अल्हम्दुलिल्लाह."